आधी पुनर्वसन, मग नकाशा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘कॅटरिना’ चक्रीवादळाला वीस वर्षे झाल्याच्या निमित्ताने आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील न्यू ऑर्लिन्स शहराविषयी प्रसिद्ध झालेला लेख वाचला. समुद्रसपाटीखाली वसलेले हे शहर करदात्यांच्या पैशातून वारंवार उभे करत बसण्यापेक्षा एकदाच काय तो खर्च करून ते आत, उंचावर हलवावे, असा लेखाचा निष्कर्ष आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे आणि वाढत्या समुद्रपातळीविषयीची त्यांची काळजी रास्त आहे. परंतु शहर ‘हलवणे’ म्हणजे प्रत्यक्षात काय, त्याचा हिशेब कोण मांडतो आणि तो कोणाच्या माथी बसतो, याचा विचार लेखात कोठेही नाही. माझी नोकरी राज्याच्या पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षे धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कामांशी संबंधित होती. आणि मुलीचे बिऱ्हाड ह्यूस्टनला असल्यामुळे न्यू ऑर्लिन्स जवळून पाहण्याचा योगही आला. त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

प्रथम, शहर समुद्रसपाटीखाली आहे या विधानाविषयी. ते अर्धेच खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्यातच या प्रश्नाची मेख आहे. १७१८ मध्ये फ्रेंचांनी हे गाव वसवले ते मिसिसिपी नदीने शतकानुशतके पुराचा गाळ टाकून स्वतःच उभारलेल्या काठावर. हा काठ आसपासच्या दलदलीपेक्षा चांगला उंच आहे. १७२२ च्या सप्टेंबरात चक्रीवादळाने गावातली बहुतेक घरे पाडली, तेव्हाही लोकांनी त्याच उंचवट्यावर सरळ रेषेत रस्ते आखून पुन्हा घरे बांधली. आज पर्यटक ज्याला फ्रेंच क्वार्टर म्हणून ओळखतात तो हा भाग. कॅटरिनाच्या पुरात शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, पण हा जुना भाग बहुतांशी कोरडा राहिला. नदीकाठ आणि उत्तरेकडचे पाँटचार्ट्रेन सरोवर यांच्यामध्ये जी दलदल होती, तिच्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत फारसे कोणी राहत नव्हते. १९१३ च्या सुमारास बाल्डविन वुड या अभियंत्याने प्रचंड क्षमतेचे स्क्रू पंप तयार केले, दलदलीचे पाणी उपसून सरोवरात टाकता येऊ लागले आणि शहर तिकडे पसरले. वुड यांच्या पंपांपैकी काही आजही चालू आहेत, आणि कोणत्याही पाटबंधारेवाल्याने ते पाहून टोपी काढावी असे ते काम आहे.

मात्र त्या जमिनीत कुजलेल्या वनस्पतींचा भरपूर अंश होता. पाणी उपसले की अशी माती सुकते, आकसते, हवा लागून तिच्यातला सेंद्रिय भाग जळून जातो आणि जमीन खचते. जमीन खचली की पाणी अधिक साचते, म्हणून पंप अधिक चालवायचे, म्हणून ती आणखी खचते. जी जमीन मुळात समुद्रसपाटीच्या आसपास किंवा किंचित वर होती, ती शंभर वर्षांत काही ठिकाणी सहा ते आठ फूट खाली गेली. शहराची आजची परात माणसाने घडवली आहे, आणि तरीही तिचा जवळपास निम्मा भाग समुद्रसपाटीला किंवा तिच्या वर आहे. म्हणूनच ‘हलवायचे की बांधायचे’ हा प्रश्न सगळ्या शहराला एकाच मापाने लावता येत नाही. एकाच शहरात असे भाग आहेत जेथून कोणी हलण्याची गरज नाही आणि असेही आहेत जेथे पुन्हा घर बांधू देणे म्हणजे जाणूनबुजून माणसे बुडवणे होय.

लेखातील दुसरी त्रुटी मला अधिक गंभीर वाटते. २००५ चा विनाश त्यात सरसकट ‘निसर्गाचा कोप’ म्हणून मांडला आहे. २९ ऑगस्ट २००५ च्या सकाळी कॅटरिना ब्युरास या गावाजवळ किनाऱ्यावर आदळले तेव्हा ते तिसऱ्या श्रेणीचे होते आणि त्याचा सर्वाधिक जोर न्यू ऑर्लिन्सच्या पूर्वेला, मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावर बसला. शहर मुख्यतः बुडाले ते संरक्षक बांध आणि पूरभिंती ठिकठिकाणी फुटल्यामुळे. त्यातल्या काही ठिकाणी पाणी भिंतीवरून वाहिले आणि पायथा धुपून भिंत पडली. परंतु सतराव्या रस्त्याचा कालवा आणि लंडन अव्हेन्यू कालवा येथील भिंती पाणी त्यांच्या माथ्यापर्यंत पोहोचण्याआधीच, म्हणजे भिंती ज्या पातळीसाठी बांधल्या होत्या तिच्या खाली पाणी असतानाच कोसळल्या. हे केंद्र सरकारच्या लष्करी अभियंता दलाने नेमलेल्या तपास पथकाने २००६ मध्ये स्वतःच मान्य केले.

हे कसे घडले ते थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण शहराच्या हक्काचा प्रश्न त्याच्याशी जोडलेला आहे. मातीच्या बांधात पोलादी शीट पाइल, म्हणजे जाड उभे पत्रे, ठोकून त्यांच्या माथ्यावर काँक्रीटची भिंत उभारलेली होती. पाण्याचा दाब वाढला तशी भिंत शहराच्या बाजूला किंचित झुकली आणि पाण्याकडच्या बाजूला भिंत व माती यांच्यामध्ये फट पडली. त्या फटीतून पाणी थेट पाइलच्या टोकापर्यंत उतरले, म्हणजे जो दाब फक्त वरच्या भागावर धरला होता तो संपूर्ण खोलीवर आला, आणि खालच्या मऊ चिकणमातीच्या थरासकट बांधाचा तुकडाच मागे सरकला. लंडन अव्हेन्यूवर खाली वाळू होती. तेथे पाणी वाळूतून पाझरून पायथ्याशी वर आले. पाइल खोल गेले असते तर यातले बरेच टळले असते. ते तसे गेले नव्हते, याचे कारण १९८० च्या दशकात लुइझियानातच घेतलेल्या एका पूर्ण आकाराच्या चाचणीचे निष्कर्ष चुकीचे वाचून कमी खोलीचे पाइल पुरेसे ठरवण्यात आले आणि त्यात पैसे वाचले, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. बांधकामाचा हा कार्यक्रम १९६५ च्या ‘बेट्सी’ चक्रीवादळानंतर मंजूर झाला होता आणि चाळीस वर्षांनंतर, २००५ मध्येही, अपुराच होता. ही दिरंगाई आपल्याकडच्या कोणत्याही वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

मी सतराव्या रस्त्याच्या कालव्यापाशी गेलो तेव्हा फुटलेल्या जागी बांधलेल्या नव्या भिंतीचा रंग जुन्या भिंतीहून वेगळा दिसत होता. भिंतीला लागून हिरवळ, हिरवळीला लागून घरांची परसे, एका परसात मुलांचा झोपाळा. भिंतीपलीकडचे पाणी त्या झोपाळ्याच्या पाटापेक्षा उंचावर होते. असे घर कोणी का घेतो, हा प्रश्न माझ्याही मनात आला. त्याचे उत्तर सरळ आहे. सरकारने भिंत बांधून दिली होती, सरकारी पूरविमा योजनेने विमा दिला होता, बँकेने कर्ज दिले होते आणि नगरपालिकेने बांधकामाचा परवाना दिला होता. ज्या लोकांनी या चारही दारांवर रीतसर शिक्के घेऊन घर बांधले, त्यांना ‘मुळात तिथे राहायलाच नको होते’ असे आता ऐकवण्याचा अधिकार त्या चौघांपैकी कोणालाच नाही. त्यातही अभियंता दलाला १९२८ च्या पूरनियंत्रण कायद्याचे कवच असल्यामुळे नागरिकांना पूरभिंतींच्या अपयशाबद्दल न्यायालयातून भरपाई मिळवता आली नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने २०२३ मध्ये सुधारित केलेल्या आकडेवारीनुसार या वादळात १,३९२ माणसे दगावली.

आता शहर हलवण्याविषयी. ही कल्पना वादळाच्याच आठवड्यात मांडली गेली होती. शहर अजून पाण्यात असताना प्रतिनिधिगृहाचे तत्कालीन सभापती डेनिस हॅस्टर्ट यांनी तेथे अब्जावधी डॉलर ओतण्यात अर्थ दिसत नाही, अशा आशयाचे विधान केले आणि गदारोळ झाल्यावर खुलासा केला. दोन आठवड्यांनी अध्यक्ष बुश यांनी फ्रेंच क्वार्टरमधल्या जॅक्सन चौकात उभे राहून शहर पुन्हा उभे करण्याचे वचन दिले. या दोन टोकांच्या मध्ये जे काही खरोखर विचार करण्याजोगे होते ते पुढल्या चार महिन्यांत घडले, आणि त्याचा उल्लेख आपल्या लेखकाने एका वाक्यात उरकला आहे.

महापौर रे नॅगिन यांनी नेमलेल्या पुनर्बांधणी आयोगाने तज्ज्ञांचा सल्ला घेऊन असे सुचवले की शहराची लोकसंख्या पूर्वीइतकी होणार नाही हे गृहीत धरून सखल भागांतील काही वस्त्या पुन्हा बांधू नयेत, तेथे पाणी मुरवणारी उद्याने करावीत आणि लोकांनी उंच भागात राहावे. जलशास्त्राच्या दृष्टीने हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, आणि मी त्या आयोगावर असतो तर मीही त्यावर सही केली असती. ११ जानेवारी २००६ रोजी ‘टाइम्स-पिकायून’ या स्थानिक दैनिकाने पहिल्या पानावर नकाशा छापला. त्यावर भावी उद्यानांच्या जागी हिरवी वर्तुळे होती. ह्यूस्टन, अटलांटा, बॅटन रूज येथे नातेवाइकांकडे किंवा मोटेलमध्ये दिवस काढणाऱ्या माणसांनी आपले घर शोधायला तो नकाशा उघडला आणि त्यांना आपल्या गल्लीवर एक हिरवा ठिपका दिसला. त्या ठिपक्याच्या बदल्यात घर कोठे मिळणार, केव्हा मिळणार, किती किमतीचे, शेजारी कोण असणार, यातले काहीही त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. उलट चार महिन्यांत पुरेसे रहिवासी परत येत असल्याचे वस्तीनेच सिद्ध करावे, असे त्यांना बजावण्यात आले. वीज नाही, शाळा बंद, घरात चिखल, आणि परत आल्याचे सिद्ध करा! सभांमधून जो उद्रेक झाला त्यापुढे, तोंडावर आलेली निवडणूक पाहून, महापौरांनी माघार घेतली आणि ज्याला जेथे बांधायचे असेल त्याने तेथे बांधावे, असे धोरण ठरले. ते धोरण म्हणजे धोरणाचा अभावच होता.

आपल्याकडे धरणग्रस्तांच्या चळवळीने अनेक दशकांपूर्वी जी घोषणा दिली, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’, तिच्यात हा सगळा धडा आहे. कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्राचे कारखाने चालले, आणि त्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली त्यांच्यापैकी काहींना पार ठाणे-रायगडपर्यंत पाठवण्यात आले. त्यांची नातवंडे जमिनीच्या मागणीसाठी आजही धरणे धरून बसतात. त्या वेळी पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो १९७६ मध्ये आला आणि देशातला तशा प्रकारचा पहिला ठरला. कायदा आल्यानंतरही गावठाणात नळ येण्याआधी बुडीत क्षेत्रात पाणी आलेले मी नोकरीत पाहिले आहे. माणूस जागा सोडायला तयार होत नाही, हा सरकारी टिपणीतला कायमचा शेरा. माझा अनुभव असा की पर्यायी जागा डोळ्यांना दिसली, तिच्यावर पाय ठेवता आला आणि सगळी आळी एकत्र जाणार असली, तर माणूस कुरकुरत का होईना तयार होतो. न्यू ऑर्लिन्समध्ये आधी कळस आणि मग पाया, असा प्रकार झाला. नकाशा आधी आला आणि पुनर्वसन आलेच नाही.

जे आले त्याचे नाव ‘रोड होम’, म्हणजे घरी परतण्याचा रस्ता. सुमारे नऊ अब्ज डॉलरच्या या योजनेत घरमालकाला जास्तीत जास्त दीड लाख डॉलर मिळायचे, पण मदतीची रक्कम ठरवताना घराची वादळापूर्वीची बाजारकिंमत आणि दुरुस्तीचा खर्च यांपैकी जी रक्कम कमी असेल ती धरली जायची. सारख्याच आकाराच्या, सारख्याच भिजलेल्या दोन घरांच्या दुरुस्तीला खर्च सारखाच येतो. मात्र कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या घराची बाजारकिंमत कमी असल्याने त्याच्या मालकाच्या हाती कमी पैसे पडले. यावर २००८ मध्ये दावा दाखल झाला आणि २०११ मध्ये तडजोड झाली, तोवर बहुतेकांनी जो काय तो निर्णय घेऊन टाकला होता.

लोअर नाइन्थ वॉर्ड या भागात याचे परिणाम आजही उघडे दिसतात. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या तीन-चार पायऱ्या, बाजूला गंजका लोखंडी कठडा आणि पायऱ्या चढून गेल्यावर मागे फक्त गुडघाभर गवत. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर एक वृद्ध गृहस्थ यंत्राने गवत कापत होते. ते म्हणाले, ही जागा आजोबांच्या नावावर आहे, वडिलांच्या नावावर कधी झालीच नाही, आणि आता भावंडे-चुलत भावंडे मिळून इतके वारस झाले आहेत की सगळ्यांच्या सह्या कोण गोळा करणार? या वॉर्डात भाडेकरूंपेक्षा स्वतःच्या घरात राहणारे अधिक होते, ही अभिमानाची गोष्ट. पण पिढ्यान् पिढ्या वारसनोंदच झालेली नसल्याने मालकी सिद्ध करता येईना आणि मदत अडकली. सातबाऱ्यावर आजोबांचे नाव असताना अनुदानासाठी तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे गृहस्थ एका मिनिटात समजले असते. वीस वर्षांनंतरही या वॉर्डाची वस्ती पूर्वीच्या निम्मीसुद्धा नाही. त्याच वेळी सरोवराकाठचा लेकव्ह्यू हा भाग, जो तितकाच किंबहुना अधिक सखल आहे पण जेथे गोऱ्या सुखवस्तू मध्यमवर्गाची घरे होती, तो जवळजवळ पूर्ण उभा राहिला. कोणता भाग रिकामा व्हावा हे जमिनीच्या उंचीवरून ठरायला हवे होते. ते बँकेतल्या शिलकीवरून ठरले. भाडेकरूंचे हाल तर विचारूच नयेत. २००७ च्या डिसेंबरात नगरपरिषदेने सार्वजनिक गृहसंकुलांतली सुमारे साडेचार हजार घरे पाडण्यास मंजुरी दिली, ज्यांतल्या अनेक इमारती पक्क्या विटांच्या आणि दुरुस्त होण्यासारख्या होत्या. २००० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४,८४,६७४ होती, २०२० मध्ये ती ३,८३,९९७ भरली, आणि या काळात कमी झालेल्या लोकांत कृष्णवर्णीय बहुसंख्येने आहेत. आपल्या लेखकाला जे स्थलांतर हवे आहे ते एका अर्थाने होऊन गेले आहे.

संपूर्ण शहर नियोजनपूर्वक हलवण्याचा दाखला म्हणून लेखात बेलीझ देशाचे उदाहरण दिले आहे. १९६१ मध्ये ‘हॅटी’ चक्रीवादळाने बेलीझ सिटी उद्ध्वस्त केल्यावर आतल्या भागात बेल्मोपान ही नवी राजधानी बांधली गेली आणि १९७० मध्ये कारभार तिकडे गेला, हे खरे आहे. पण बेलीझ सिटी कोठेही गेली नाही. ती आजही देशातले सर्वांत मोठे शहर आहे आणि आजही किनाऱ्यावरच आहे. फायली हलल्या, कोळी आणि हमाल हलले नाहीत, कारण बंदर हलत नाही. न्यू ऑर्लिन्सचेही तेच आहे. अमेरिकेच्या मध्यभागातले धान्य बार्जमधून मिसिसिपीने खाली येते आणि समुद्रगामी जहाजांत चढते ते या शहराच्या आसपासच्या धक्क्यांवर. ही नदी स्वतःसुद्धा मार्ग बदलायला टपलेली आहे. तिला पश्चिमेच्या अचाफलाया नदीतून समुद्राला जाणे अधिक जवळचे पडते आणि १९६३ पासून ओल्ड रिव्हर येथील दरवाजांनी तिचा सुमारे ७० टक्के प्रवाह जुन्या पात्रात राखला आहे. इतका आटापिटा करून जी नदी धरून ठेवली आहे, तिच्या काठचे धक्के कोणी सोडणार नाही. मग धक्क्यावर काम करणारे, जहाजे दुरुस्त करणारे, त्यांना जेवण वाढणारे आणि त्यांच्या मुलांना शिकवणारे कोठे राहणार? शंभर मैलांवरून रोज येणार?

टेक्ससमधील इंडियानोला हे बंदर १८७५ आणि १८८६ च्या वादळांनंतर लोकांनी सोडून दिले ते खरे, पण तेव्हा ते गाव लहान होते. त्याच किनाऱ्यावरच्या गॅल्व्हेस्टनने १९०० च्या वादळात किमान सहा हजार माणसे गमावूनही उलटा मार्ग धरला. सतरा फूट उंचीची समुद्रभिंत बांधली, दोन हजारांहून अधिक इमारती जॅकने उचलल्या, त्यांच्याखाली पाण्यात कालवलेली वाळू पंपाने भरली आणि अख्खे गाव वर घेतले. १९१५ मध्ये तसेच मोठे वादळ आले तेव्हा भिंतीने शहर वाचवले. व्यापार मात्र १९१४ मध्ये जहाजमार्ग खुला झाल्यावर ह्यूस्टनकडे गेला. शहर बांधून वाचवता येते, त्याची भरभराट वाचवता येतेच असे नाही.

लुइझियानातच सरकारी खर्चाने झालेले खरे स्थलांतर म्हणजे ईल दे ज्याँ शार्ल या बेटाचे. मूळनिवासी समाजाची वस्ती असलेल्या या बेटाची १९५५ पासून ९८ टक्के जमीन समुद्राने गिळली. २०१६ मध्ये त्यांच्यासाठी ४ कोटी ८३ लाख डॉलर मंजूर झाले, २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाने उरलीसुरली घरे मोडली, आणि २०२२ च्या ऑगस्टमध्ये पहिली कुटुंबे नव्या घरांत गेली. ज्या समाजाने ही कल्पना प्रथम मांडली त्याच्या पुढाऱ्यांना मध्येच बाजूला सारल्याची तक्रार झाली ती वेगळीच. कुटुंबे चाळीसच्या आसपास. म्हणजे दर कुटुंबामागे साधारण बारा लाख डॉलर. कॅटरिनापूर्वी न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे १ लाख ८८ हजार बिऱ्हाडे होती. त्याच दराने गुणाकार केला तर सव्वादोनशे अब्ज डॉलर होतात. मोठ्या वसाहतीत खर्च दरडोई कमी होतो, त्यामुळे हा गुणाकार ओढूनताणून केलेला आहे हे मला कळते. तरी वादळानंतर शहराभोवती भिंती, दरवाजे आणि पंपगृहे उभारायला साधारण साडेचौदा अब्ज डॉलर लागले, हा आकडा शेजारी ठेवून पाहावा. स्थलांतर हा स्वस्त पर्याय असल्याचे लेखात गृहीत धरले आहे, त्याला कोणताही आधार दिलेला नाही.

याचा अर्थ मी ‘भिंत बांधा आणि निर्धास्त झोपा’ असे म्हणतो, असा कृपया घेऊ नये. नवी व्यवस्था भक्कम आहे. पूर्वेकडचा बोर्न सरोवराचा अडसर जवळपास तीन किलोमीटर लांब आणि २६ फूट उंच आहे. कॅटरिनानंतर बरोबर सोळा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२१ रोजी आयडा वादळ कॅटरिनाहून अधिक वेगाच्या वाऱ्यांसह किनाऱ्यावर आले तेव्हा भिंती टिकल्या. पण शहराला वीज पुरवणाऱ्या आठही मुख्य वाहिन्या बंद पडल्या, शहर अंधारात गेले, आणि वादळापेक्षा त्यानंतरच्या उकाड्याने शहरातील अधिक वृद्ध दगावले. शिवाय या व्यवस्थेची रचना कोणत्याही वर्षी एक टक्का शक्यता असलेल्या वादळासाठी आहे. ‘शंभर वर्षांतून एकदा’ असे म्हटले की ऐकणाऱ्याला वाटते आपल्या हयातीत नाही. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत अशा वादळाची शक्यता चारात एकाहून अधिक भरते. आणि बांध मऊ जमिनीवर असल्याने खचत राहतात, त्यांची उंची वाढवत राहावी लागते, असा इशारा अभियंता दलाने २०१९ मध्येच दिलेला आहे.

भिंतीपेक्षाही महत्त्वाची आहे ती भिंतीबाहेरची दलदल. उधाणाची लाट दलदलीच्या गवतावरून आणि पाण्यात वाढणाऱ्या सायप्रस झाडांतून येताना मंदावते. १९३० च्या दशकापासून लुइझियानाने सुमारे पाच हजार चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली. नदीला दोन्ही बाजूंनी बांध घातल्याने तिचा गाळ दलदलीत पसरायचा थांबला, आणि तेल कंपन्यांनी खोदलेल्या कालव्यांतून खारे पाणी आत शिरून गवत मेले. यावरचा उपाय म्हणून नदीच्या बांधाला दरवाजा ठेवून गाळाचे पाणी पुन्हा बॅराटारियाच्या खाडीकडे सोडण्याचा सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प २०२३ मध्ये सुरू झाला. त्याचा बहुतेक पैसा २०१० च्या मेक्सिकोच्या आखातातील तेलगळतीच्या भरपाईतून आलेला होता. गोड्या पाण्याने कालव नावाचे शिंपले आणि कोळंबी मरतील म्हणून मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि तो विरोध अनाठायी म्हणता येणार नाही. २०२५ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने खर्चाचे कारण देऊन प्रकल्पच रद्द केला. वीस वर्षांनंतरच्या लेखात या बातमीला जागा मिळायला हवी होती, कारण शहर आणखी किती वर्षे टिकेल हे काँक्रीटपेक्षा या गाळावर अधिक अवलंबून आहे.

माझे म्हणणे एवढेच की शहर आपल्याच हद्दीत, सखल भागातून उंच भागाकडे हलवता येते आणि तेच करायला हवे. १९६० मध्ये न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या ६,२७,५२५ होती. आज ती त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी आहे. नदीकाठच्या उंचवट्यावर रिकामे भूखंड, बंद गोदामे आणि पडीक इमारती आहेत. तेथे सरकारने आधी घरे बांधावीत, ती सखल भागातल्या लोकांना मालकी हक्काने द्यावीत, एका गल्लीतल्या लोकांना शेजारी शेजारी द्यावीत, वारसनोंदीचा खर्च सरकारने उचलावा. आणि घराची किल्ली हातात पडल्यानंतरच जुना भूखंड ताब्यात घेऊन तेथे पाणी साठवण्याची उद्याने करावीत. त्या उंच भागातली घरे आज पर्यटकांना रात्रीच्या भाड्याने देण्यासाठी विकत घेतली जात आहेत, ते रोखणे याच कामाचा भाग आहे. हे महाग आहे, वेळखाऊ आहे आणि कोणत्याही निवडणुकीच्या आधी पूर्ण होणारे नाही. कोल्हापूर-सांगलीच्या २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडे निळ्या आणि लाल पूररेषेच्या आतल्या वस्त्यांविषयी जी चर्चा झाली तीही याच ठिकाणी अडते: रेषा आखून होते, रेषेबाहेरची जागा मिळत नाही.

हे झाले नाही तर काय होईल, याचे उत्तर विम्याच्या हप्त्यात दिसू लागले आहे. आयडानंतर लुइझियानातल्या अनेक विमा कंपन्या दिवाळखोर झाल्या, इतरांनी राज्यातून काढता पाय घेतला आणि ज्यांना कोणी विमा देत नाही त्यांच्यासाठीच्या राज्याच्या विमा महामंडळाने २०२३ मध्ये हप्ते सरासरी ६३ टक्क्यांनी वाढवले. विमा नसेल तर गृहकर्ज नाही, आणि कर्ज नसेल तर घर रोख पैसेवाल्यालाच विकायचे. येथे कोणी नकाशा छापत नाही, सभा होत नाही, हिरवा ठिपका दिसत नाही, म्हणून उद्रेकही होत नाही. हप्ता परवडत नाही तो निमूटपणे निघून जातो, आणि ज्याला जायलाही परवडत नाही तो विम्याविना तेथेच राहतो.

तेव्हा आपल्या लेखकांना विनंती अशी की त्यांनी पुढच्या लेखात स्थलांतराचा खर्च कोणत्या दराने धरला, भाडेकरूंना त्यात काय मिळणार आणि बंदरावरच्या कामगारांनी कोठे राहायचे, एवढ्या तीन बाबींचा हिशेब मांडावा. तो हिशेब पाहून मत बदलायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सातारा